एका रविवारात दोन-तीन डोंगरमाथे : जालन्याहून कुठं जावं?

मोतीतलाव_जालना

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र, सगळे चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं. एकाचं खताचं दुकान, एक मास्तर, एक नुसताच जमीनदार आणि आम्ही दोघं सळईच्या कारखान्यात (मी तिथं हिशेब बघतो). दर दिवाळीनंतर आम्ही 'कुठंतरी' जातो आणि दर वेळी ते कुठंतरी म्हणजे ढाबाच निघतो. या वेळी डोंगर चढायचं ठरलंय.

एक किल्ला बघून गाडीत बसायचं, असं नको. सकाळी एका माथ्यावर, तिथून उतरून दुसऱ्यावर, जमलं तर तिसऱ्यावर, असं दिवसभर चालायचंय. खडकाळ पाहिजे. सह्याद्रीत जायचं तर दोन दिवस लागतात आणि आमच्या पाचही घरांतून मंजूर झालाय तो एकच रविवार, डिसेंबरमधला. पहाटे निघून रात्री जेवायला घरी, या बोलीवर. मराठवाड्यातच असं काही आहे का?

अनुभव : देवगिरी तीनदा. त्यातलं एकदा शाळेच्या सहलीत, ते धरू नका.

कातळवेडा_पुणे

खडकाळ माथे आणि मराठवाड्यात? अजून एक रविवार मागून घ्या आणि सरळ हरिश्चंद्रगडावर या. तुमच्याकडं सगळ्या टेकड्याच.

फॉलपिको_मावशी

पुण्याचे भाऊ, वेताळवाडीच्या बुरुजाखाली उभं राहून टेकडी म्हणून दाखवा. दाखवलंत तर चहा माझ्याकडून.

जालनेकर दादा, तुम्हाला पाहिजे ते सगळं सिल्लोडच्या पुढं आहे. तुम्ही भोकरदनवरून सिल्लोडला या, आम्ही संभाजीनगरहून येतो, पुढं रस्ता एकच. गोळेगावला अजिंठ्याचा रस्ता सोडायचा आणि उंडणगाव, हळदा करत घाटाच्या तोंडाशी जायचं. तिथं गाडीतून उतरलात की समोरच वेताळवाडीचा किल्ला. पुढं रुद्रेश्वरची लेणी, जंजाळ्याचा किल्ला (त्यालाच वैशागड म्हणतात) आणि जंजाळ्याच्या पोटात घटोत्कच लेणी. एका दिवसाला हे पुष्कळ होतं. आम्हाला तर जास्तच झालं होतं, ते कसं ते सांगते.

आमची भिशी आहे सहा जणींची. सगळ्यात लहान ४१ ची, मोठी ६३ ची. माझं फॉल-पिकोचं दुकान, एक बँकेत, एक शिकवण्या घेते, दोघी घरी (म्हणजे सगळ्यात जास्त काम त्याच करतात), आणि एक माझी नणंद. पूर्वी भिशी लागली की कुणी डबे घ्यायचं, कुणी पैंजण. तीन वर्षांपूर्वी ठरलं की डिसेंबरची भिशी कुणाच्याच घरी जाणार नाही, तिची क्रूझर करायची आणि डोंगरात जायचं.

पहाटे पाचला निघालो. सिल्लोडला चहा. हळद्याच्या पुढं घाटात उतरलो तेव्हा उजाडलं होतं आणि थंडी इतकी, की नणंदबाईंनी स्वेटरवरून शाल घेतली. घाटातून किल्ल्याच्या दरवाजापर्यंतचा चढ छोटाच आहे, आम्हाला धापा टाकत अर्धा तास लागला. पण वर बघत चाला. बुरुज असे अंगावर येतात, की बोलणं आपोआप बंद पडतं, आणि आमच्या सहा जणींचं बोलणं बंद पडणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. दरवाजावर शरभ कोरलेत, म्हणजे सिंहासारखा कल्पित प्राणी. मला तो आधी वाघच वाटला.

किल्ल्यावर अंबरखाना (धान्याचं कोठार) आहे, पाण्याची टाकी आहेत. ते सगळं बघाच, पण उत्तरेच्या टोकाला दोन कमानी उरल्यात, तिथं जाऊन बसा. खाली वेताळवाडीचं धरण, त्याच्यापुढं सोयगाव आणि मग नुसती सपाटी. जिल्हा आमचाच, पण जमीन खानदेशाची झालेली. कपाशीची पांढरी शेतं वरून अशी दिसत होती, जणू कुणी अस्तराचे तुकडे वाळत घातलेत. आम्ही तिथं धपाटे आणि दही खाल्लं आणि तास घालवला. इथं पहिली चूक झाली. चूक खाण्याची नाही, तासाची.

मग वेताळवाडीच्या बाजूनं उतरलो. धरणाच्या भिंतीपासून ओढ्याच्या कडेकडेनं आत गेलं की रुद्रेश्वर. पावसाळ्यात तिथं धबधबा असतो, डिसेंबरात नुसती ओल होती. महादेवाची पिंड, गणपती, सावली आणि शांतता. पुन्हा बसलो. एक वाजला.

दुसरी चूक आता. तिथून वर चढून जंजाळ्याच्या पठारावर जायचं होतं. धरणाजवळ एक माणूस म्हणाला होता, पोरगं देतो सोबत. आमची बँकवाली म्हणाली, कशाला, वर तर जायचंय, वर सगळ्यांनाच दिसतंय की. वर दिसतं हो. वाट दिसत नाही. आम्ही एक सोंड धरली, ती बरी होती. पुढं तिच्यावर घसारा लागला. मुरूम आणि सुटे दगड, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. धरायला झाड नाही, गवत धरावं तर मुळासकट हातात. त्याच्यावर काळ्या कातळाची पट्टी, सरळ भिंत. खालून ती बोटभर दिसत होती, जवळ गेल्यावर दोन मजली निघाली. आणि ऊन! सकाळी शाल घेतलेली बाई आता डोक्यावर ओली ओढणी घेऊन बसली. पाणी मोजलं तर सहा जणींत दोन बाटल्या.

बँकवाली घसरली तिथंच. लागलं नाही फार, तळहात सोलला, पण ती खाली बसली आणि म्हणाली, "मी आता इथंच राहते." हसायला आलं आणि रडायलाही.

तेवढ्यात खालून एक म्हातारी आली. डोक्यावर सरपणाची मोळी, पायात चपलाच. आमच्याकडं बघून विचारलं, "कोणत्या देवाला निघाल्यात?"

आता काय सांगणार? देवाला नाही निघालो, नुसतंच चढायला निघालो म्हटलं, तर ती मोळीसकट हसली. मग हातातल्या काठीनं दाखवलं. आमच्या डावीकडं, शंभर पावलांवर, ढोरवाट होती. गुरं रोज चढतात-उतरतात त्या वाटेनं, शेणाच्या खुणा बघत बघत आम्ही पाऊण तासात वर. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, डोंगरात माणसाच्या पायवाटेपेक्षा शेणाची वाट खरी. गाय कड्यावर जात नाही.

पठारावर आलो की संपलं असं वाटतं, पण इकडच्या डोंगरांची खोडी तीच आहे. सह्याद्रीसारखं टोक नसतं, की चढलो, झेंडा लावला, उतरलो. माथा म्हणजे सपाट माळ. चढून दमलेला माणूस वर जाऊन पुन्हा चालतच राहतो, उन्हात, कुसळांतून. जंजाळ्याच्या किल्ल्याला अर्धा वेढा कड्यांचा आणि अर्धा तटाचा, गाव बाजूलाच, पठारावर. मोठा किल्ला आहे, तळं आहे, मशीद आहे, दगडावर फारसी अक्षरं आहेत. मी निम्माच बघितला, खोटं कशाला बोलू.

घटोत्कच लेण्याला मात्र गेलेच. पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं, आणि उतरताना प्रत्येक पायरी उद्याच्या उधारीसारखी मोजली, कारण तीच परत चढायची होती. आत मोठं दालन, खांबच खांब, वटवाघळांचा वास आणि मागं बसलेले बुद्ध. वाकाटक राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, त्याचा लेख तिथं भिंतीवर आहे. त्याच वराहदेवाचा लेख अजिंठ्यालाही १६ नंबरच्या लेण्यात आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी हा मंत्री असल्या आडबाजूला लेणं कोरवून घेत होता आणि आम्हाला पाच वाजेपर्यंत नीट बघून होईना. मी खांबाला पाठ लावून बसले. दगड गार होता. दिवसभरात मला सगळ्यात आवडलेलं ते.

क्रूझरवाला जंजाळा गावात येऊन थांबला होता म्हणून निभावलं. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य जातो आणि मग एकदम अंधार.

तुम्हाला सांगणं एवढंच : आमच्या उलटं करा. जंजाळ्याचं पठार सकाळच्या गारव्यात चाला, तिथून रुद्रेश्वरला उतरा आणि वेताळवाडी शेवटी ठेवा. रस्ता जवळ असलेला डोंगर नेहमी संध्याकाळसाठी राखावा. पाणी माणशी तीन लिटर, कमी नाही. मित्रांत सगळ्यात हळू चालणारा जो असेल त्याला पुढं घाला. मागं ठेवलात तर तो कधीच विसावा घेत नाही; तो पोचतो तोवर पुढचे उठलेले असतात.

आणि कपडे. हा माझा धंदा आहे म्हणून ऐका. होजिअरीचे ट्रॅक पँट घालून जाऊ नका. कुसळ त्यात घुसतं आणि चालताना आत आत सरकतं. घट्ट विणीचं, गुळगुळीत टेरिकॉट घाला. मी तर जुन्या छत्रीचं कापड काढून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टे शिवलेत, वर-खाली इलॅस्टिक. सहाही जणींना. दिसतो बँडवाल्यांसारख्या, पण मोजे शाबूत.

सोयगावकर

मावशी, लिहिलंय एकदम बरोबर, पण ते 'उलटं करा' तेवढं मागं घ्या.

जंजाळ्यावरून रुद्रेश्वरला ती वाट उतरायची म्हणजे तोच घसारा, पण खाली तोंड करून. तुम्ही चढताना घसरलात तर हात सोलला, उतरताना घसरलात तर थांबायला काही नाही. वाट माहीत असलेला सोबत असेल तर गोष्ट वेगळी. त्या बाजूला नवख्या माणसानं चढावं, उतरू नये.

दादा, तुम्ही असं करा. सकाळी गाडी उंडणगाव-अंभईवरून थेट जंजाळा गावात न्या. किल्ला आणि घटोत्कच दोन्ही करा, त्यातच ऊन डोक्यावर येईल. मग गाडीनं हळदा घाटात या, वाटेत जेवा. चारच्या आत वेताळवाडी चढा आणि तिकडच्या बाजूनं आमच्या गावाकडं उतरा, गाडी खाली बोलवा. रुद्रेश्वर राहिलं तर राहू द्या, पावसाळ्यात या, तेव्हा खरं रुद्रेश्वर असतं. फक्त ओढ्याला लाल पाणी दिसलं की पाय घालायचा नाही. वर पाऊस झालेला असतो, खाली ऊन असतं, आणि पाणी सांगून येत नाही.

आम्ही त्याला वाडीचा किल्ला म्हणतो. वाट विचारताना तसं म्हटलंत तर लोक जरा जास्त सांगतील. सोबत गावातलं कुणी घेतलं तर दिवसाची मजुरी द्या. इथं या दिवसांत कापूस वेचणी असते, तो माणूस आपला रोज बुडवून येतो.

अजून एक. कड्यांच्या कपारीत आणि लेण्यांत आग्या मोहळं असतात. अत्तर-फवारा मारून येऊ नका, विडी-सिगारेट नको, आरडाओरडा नको. जमीनदार मित्राला खास सांगा.

फॉलपिको_मावशी

घेतलं मागं. सांगणारा तिथला असला की वाद घालू नये. म्हातारीनं शिकवलंय.

दगडधोंडे_मास्तर

भूगोल शिकवतो, म्हणून मावशींच्या 'दोन मजली पट्टी'बद्दल चार ओळी. हे डोंगर म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर आहेत, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक. टणक थराचा कडा होतो आणि मऊ थराचा झिजून घसारा. म्हणून चढताना आळीपाळीनं उतार आणि भिंत, उतार आणि भिंत असं लागतं. सगळ्यात वरचा टणक थर झाकणासारखा उरतो, म्हणून माथा सपाट. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटेसारखा लाल पट्टा दिसेल. एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत मधे जी माती झाली, ती नंतरच्या लाव्ह्यानं भाजून निघाली. वेताळवाडीच्या आसपास घाटात गाडी हळू घेतलीत तर हे थर मोजता येतात.

पांढऱ्या, चमकणाऱ्या गारा सापडतील. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत वाढलेले स्फटिक आहेत ते. बघा आणि तिथंच ठेवा.

पुण्याचे कातळवेडे, तुमचा हरिश्चंद्रगडही याच लाव्ह्याचा आहे. पाऊस तुमच्याकडं जास्त, एवढाच फरक.

पाणी कुठं जातं तेही मजेचं आहे. या अजिंठ्याच्या रांगेच्या अलीकडचं पाणी ढोबळमानानं गोदावरीकडं, पलीकडचं तापीकडं. वाघूर नदी मात्र अलीकडं उगम पावून डोंगर कापत, अजिंठ्याच्या लेण्यांखालून, तापीकडं जाते. बरोबर पोरं असली तर कमानीपाशी उभं करून विचारा, इथं थुंकलास तर कुठल्या समुद्रात जाईल. पोरं धडा विसरतात, हे नाही विसरत.

कातळवेडा_पुणे

बरं, टेकडी शब्द मागे. चहा कधी?

फॉलपिको_मावशी

बुरुजाखाली उभं राहून मागं घ्यायचाय. इथं बसून नाही.

मोतीतलाव_जालना

मंडळी, जाऊन आलो. कळवायला उशीर झाला कारण आठवडाभर जिना उतरताना कठडा धरून उतरत होतो.

सोयगावकरांच्या क्रमानं गेलो. जंजाळा गावात सकाळी पावणेआठला पोचलो. गावातला एक जण सोबत घेतला, वय असेल पंचावन्न. दिवसभरात तो एकदाही बसला नाही, आणि आम्ही कुठं कुठं बसलो ते त्याला पाठ झालं. किल्ला पूर्ण फिरलो. तटाच्या कडेनं चालताना एका ठिकाणी खाली दरी एकदम उघडते, तिथं आमचा जमीनदार पोटावर झोपला आणि सरपटत कडेपर्यंत जाऊन बघून आला. वर आल्यावर म्हणाला, आपल्या विहिरीएवढं आहे. त्याच्या विहिरीला पाणी नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

घटोत्कच लेण्यात मोबाईलला रेंज नव्हती. खतवाल्याला रब्बीच्या दिवसांत अर्धा तास फोन आला नाही. हे त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा घडलं असावं.

परत चढताना मास्तर मागं पडायला लागले. मावशी, तुमचं ऐकून त्यांना पुढं घातलं. झालं असं, की ते पुढं गेल्यावर एकदम जोरात चालायला लागले. वर्गाच्या पुढं चालायची सवय. मग मागं मी राहिलो. हळू चालणारा मीच होतो हे अशा रीतीनं उघड झालं.

वेताळवाडीला घाटातून साडेतीनला चढायला लागलो. पाय संपले होते, पण बुरुज बघितल्यावर कुणी 'राहू द्या' म्हटलं नाही. कमानींत पाच वाजता पोचलो. वारा एवढा, की डबा उघडला तर पोळी उडाली, खरोखर उडाली, दरीत. पिवळं ऊन, धरणाच्या पाण्यावर एक होडीही नाही, आणि खालून पाणी उपसायच्या मोटारीचा आवाज. आम्ही पाच जण वीस वर्षांपासून एकमेकांना ओळखतो. तिथं पंधरा-वीस मिनिटं कुणी काहीच बोललं नाही. मग खतवाला म्हणाला, "पुढच्या रविवारी अंतूरचा किल्ला?" आणि सगळे त्याच्यावर ओरडले.

अंधार पडायच्या थोडं आधी वेताळवाडीत उतरलो. रुद्रेश्वर राहिलं. रात्री जेवायला घरी पोचायचं वचन एक तास चुकलं, त्याची सुनावणी वेगळी.

एक चूक केली. होजिअरीचा ट्रॅक पँट. चौघांनी मावशींचं ऐकलं, मी नाही, कारण नवीन आणला होता. मोज्यांतलं कुसळ तीन दिवस काढतोय. धुतलं तरी निघत नाही, दुपारी कार्यालयात बसलो की टोचतं. काही उपाय?

फॉलपिको_मावशी

मोजे फेकून दे. पँट उलटी करून कडक उन्हात घाल, मग मोठ्या दातांच्या फणीनं विंचर, आतून बाहेर नाही, बाहेरून आत. शिवणीतलं निघणार नाही. ती शिवण उसवायला लागेल.

मोतीतलाव_जालना

आणि ते छत्रीच्या कापडाचे पट्टे? पाच जोड्या करून मिळतील का? अंतूर नक्की होतंय.

फॉलपिको_मावशी

मिळतील. शिलाई जोडीला साठ रुपये. छत्र्या तुमच्या तुम्ही आणा, आणि काळ्याच आणा, मागच्या वेळी एकीनं फुलाफुलांची दिली होती.